घोडं नेमकं पेंड कुठे खातंय?

मागच्या रविवारी खोपोलीला मामाकडे जेवायला गेलो होतो. मामा खालापूर तालुक्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. तिथे गाड्यांच्या गिअरबॉक्सचे पार्ट बनतात. वरणभात कालवता कालवता त्याने विचारलं, "तू इंजिनिअर ना? मग सांग, पोराला आयटीआयला मोटर मेकॅनिकला घालू की त्या इलेक्ट्रिकवाल्या ट्रेडला? आणि इलेक्ट्रिक गाड्याच येणार असतील, तर मोठ्या कंपन्यांचं घोडं पेंड कुठे खातंय?"

मी पडलो कोडिंगवाला. पण घोड्यावरून मला माथेरान आठवलं.

माथेरान आपल्या कर्जत तालुक्यातलंच. तिथे मोटारगाड्यांना बंदी. प्रवासी न्यायचे ते घोड्यावरून, नाहीतर माणसाने ओढायच्या हातरिक्षातून. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. हातरिक्षावाल्यांना ती हवीच होती, त्यासाठी तेच कोर्टात लढले. विरोध केला घोडेवाल्यांनी. ते काही मागासलेले नव्हते. एकाच्या खांद्यावरचं ओझं उतरणार होतं आणि दुसऱ्याने घोड्यात पैसे घातले होते, एवढाच फरक.

जुन्या कार कंपन्यांचा घोडा म्हणजे इंजिन. इंजिनाचा कारखाना उभा करायला प्रचंड पैसा लागतो आणि तो वसूल व्हायला वर्षं जातात. फियाटचं 1.3 लिटर डिझेल इंजिन आठवतंय? स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टामध्ये तेच, पुंटोमध्येही तेच! एकदा बसवलेलं मशीन जितकं जास्त चालेल तितका नफा. असं मशीन स्वतःच्या हाताने कोण बंद करेल?

बरं, इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महागडी वस्तू बॅटरी, आणि तिचे सेल बहुतेक चीनमधून येतात. म्हणजे कंपनीची खरी कला इंजिनात, आणि ग्राहकाच्या पैशातला मोठा वाटा मात्र बाहेर जाणार. वर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, क्लचप्लेट काहीच नाही, म्हणजे डीलरची सर्व्हिसिंगची कमाईपण घटणार. अमेरिकेतल्या फोर्डला 2023 मध्ये इलेक्ट्रिक विभागात 4.7 अब्ज डॉलरचा तोटा झाला. तो भरून काढला बाकीच्या विभागांनी, म्हणजे मुख्यतः पेट्रोल-डिझेल गाड्यांनीच.

मग कोणीच हललं नाही का? तसं नाहीये. टाटांनी जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉनच्याच सांगाड्यात बॅटरी बसवून गाडी आणली. महिंद्राने 2010 मध्ये बेंगळुरूची रेवा घेतली, 2013 मध्ये ई-टू-ओ काढली, ती फारशी चालली नाही. तरी नोव्हेंबर 2024 मध्ये बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई आणल्या. या गाड्यांच्या आराखड्यात इंजिनाला जागाच नाही. आणि देशात सगळ्यात जास्त कार विकणारी मारुती? तिची पहिली इलेक्ट्रिक कार कारखान्यातून बाहेर पडली 2025 मध्ये. ज्याच्या तबेल्यात घोडे जास्त, तो हळू चालतो.

पण मला खरी काळजी कंपन्यांची नाही. खोपोलीत साठच्या दशकापासून गाड्यांच्या पार्टसाठी लागणारं खास पोलाद बनतंय. आपल्या पट्ट्यातली कितीतरी घरं या धंद्यावर उभी आहेत. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, पाच-सहा गिअरचा गिअरबॉक्स नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक राहतात आणि वेग उतरवणारे मोजके गिअरही राहतात. म्हणजे काम संपत नाही, पण आटतं आणि बदलतं. मोठी कंपनी दहा वर्षं विचार करू शकते, कारण तिच्याकडे तेवढा पैसा असतो. दोन लेथवाल्या वर्कशॉपला मात्र एक दिवस फक्त फोन येतो, "पुढच्या महिन्यापासून माल नको."

म्हणून मामाला म्हटलं, "कंपनी जाहिरातीत काय बोलते ते ऐकू नकोस. नवीन मशीन कशासाठी घेते ते बघ. आणि पोराला इलेक्ट्रिकला घाल, पण सुट्टीत लेथवर उभा कर. मोटरच्या शाफ्टलासुद्धा कोणीतरी टर्निंग करावंच लागतं."

मामा ताटावरून उठत म्हणाला, "म्हणजे घोडा विकायचा, पण लगाम सोडायचा नाही."

पॉडकास्ट मी करतो, पण वाक्य मामाचं भारी!

मंडळी, एक काम करा. पुढच्या वेळी खालापूर टोलनाक्यावर थांबलात की हिरव्या नंबरप्लेट मोजा आणि आकडा मला कळवा. तुमच्या घरात कोणी पार्टच्या धंद्यात असेल, तर त्यांच्या ऑर्डरचं काय चाललंय तेही विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.