न लिहिलेला नियम



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून बेसबॉलची गोष्ट ऐकण्याची आपल्याला सवय नाही. हा खेळ अमेरिकेचा. आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणा. त्यात चेंडू टाकणारा असतो, तो टोलवणारा असतो. मात्र टोलवणाऱ्याला तीन तळांना वळसा घालून, जेथून निघाला तेथे परत यावे लागते, तेव्हा एक धाव होते. एवढी ओळख आज पुरे. कारण आम्हांला बोलावयाचे आहे ते खेळाविषयी नव्हे. या खेळाच्या आधाराने मुलांना माणसामाणसांतले वेगळेपण कसे शिकवता येते, त्याविषयी.

अमेरिकेत नाना वंशांचे, धर्मांचे, भाषांचे लोक राहतात. त्याचा पाठ वर्गात द्यावा कसा? नकाशा टांगला, वेशभूषेची चित्रे दाखवली, सणांची नावे घोकून घेतली, की मुले गुण मिळवतात आणि विसरून जातात. न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाऊन या गावी १९३९ साली बेसबॉलचे संग्रहालय उघडले. तेथे शाळांसाठी जे पाठ तयार झाले, त्यांत नागरी हक्क आणि सांस्कृतिक वैविध्य हेही विषय आहेत. मुलांचे खेळाडूंवर प्रेम असते; त्या प्रेमाच्या वाटेने इतिहास आत शिरतो.

असा पाठ कसा द्यावा? शिक्षकाने १९३५ च्या सुमाराच्या एखाद्या मोठ्या संघाचे छायाचित्र पुढे ठेवावे आणि विचारावे, "यात कोण दिसत नाही?" मुले पाहतील आणि म्हणतील, कृष्णवर्णीय एकही नाही. "मग नियमांच्या पुस्तकात तशी बंदी शोधून दाखवा." मुले पुस्तक चाळतील, बंदी सापडणार नाही. कारण ती लिहिलेलीच नव्हती! १८८४ साली टोलेडोच्या संघातून मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू वरच्या दर्जाचे सामने खेळला होता. पुढे मालकांनी आपसांत समजून घेतले, आणि दार लागले. ज्यांना दार लागले ते हात जोडून बसले नाहीत. रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने १९२० साली कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीयांच्या संघांची स्वतंत्र संघटना उभी राहिली.

ते दार उघडले १५ एप्रिल १९४७ रोजी. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला. शिव्या झाल्या, धमकीची पत्रे आली. त्याच वर्षी तो सर्वोत्कृष्ट नवा खेळाडू ठरला. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा, म्हणजे याच्या सात वर्षांनंतरचा!

दुसरे उदाहरण घ्या. १९३४ साली डेट्रॉइटचा हँक ग्रीनबर्ग हा ज्यू खेळाडू, संघ अजिंक्यपदाच्या चुरशीत असताना, योम किप्पूर या पवित्र दिवशी मैदानावर गेला नाही; प्रार्थनामंदिरात गेला. संघाशी निष्ठा मोठी की धर्माशी? या प्रश्नावर तास रंगेल, आणि एकाच उत्तरावर संपणार नाही. ते बरेच आहे.

आणि तिसरे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. ॲरिझोनातील हिला रिव्हर छावणीत केनिची झेनिमुरा यांनी वाळवंटात बेसबॉलचे मैदान तयार केले. १९४५ साली टूसॉन शहरातील शाळेचा संघ त्या छावणीत येऊन तेथील मुलांशी खेळला, आणि हरला. तारेच्या आत कोण होते आणि बाहेर कोण, हे कोणत्या नियमाने ठरले, असे विद्यार्थ्यांना विचारावे.

कोणी म्हणेल, खेळ माणसांना जोडतो, हाच ना याचा अर्थ? आम्हांला ते इतके सोपे वाटत नाही. याच खेळाने साठ वर्षे माणसे तोडलीही होती. कृष्णवर्णीयांच्या त्या सामन्यांतील आकडे मुख्य नोंदींत धरले गेले ते २०२४ साली. आणि तेव्हा जॉश गिब्सन याची फलंदाजीची सरासरी सर्वकालीन पहिली ठरली. तो १९४७ च्या जानेवारीतच वारला होता. रॉबिन्सनचा पहिला सामना त्याने पाहिला नाही.

हे ऐकताना आपल्याला बाळू पालवणकरांची आठवण झाली असेल. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. परंतु पुण्यात खेळताना, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचे म्हणून, त्यांचा चहा बाहेर आणि पेला वेगळा! क्रिकेटच्या कोणत्या पुस्तकात हे लिहिले होते? हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले.

लिहिलेला अन्याय खोडता येतो. न लिहिलेला आधी दिसावा लागतो, आणि तो दिसण्यासाठी लहानपणीच नजर तयार व्हावी लागते. वैविध्याचे शिक्षण ते हेच. तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला, मुलीला एवढेच विचारा: तुमच्या मैदानावर कोण खेळायला येत नाही, आणि का? उत्तर ऐकून आपल्यालाच थोडे अवघडल्यासारखे झाले, तर पाठ सुरू झाला असे समजावे.