हिमाच्या पोटातील शत्रू



अरुणाचल प्रदेशातील कामेंग क्षेत्रात ६ फेब्रुवारी २०२२ रोजी भारतीय सेनेची गस्ती तुकडी हिमस्खलनात सापडली. दोन दिवसांनी ७ जवानांचे पार्थिव देहच हाती लागले. सीमेवर शत्रू नेहमी समोरूनच येतो असे नाही. कित्येकदा तो पायांखाली दबा धरून बसलेला असतो.

वरवर पाहता हिम शुभ्र आणि एकसंध दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक हिमवर्षावाचा थर निराळा असतो. हिवाळ्याच्या आरंभी हा थर पातळ असतो. खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास, तर वरची हवा अतिशीत. या तफावतीमुळे तळातील बाष्प वर सरकते आणि हिमकणांचे साखरेसारखे सुटे दाणे बनतात. पुढे त्यावर कितीही हिम साचले, तरी पाया भुसभुशीतच राहतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या भारानेही वरचा सारा थर निसटू शकतो.

म्हणूनच जाणकार उतारावर पाऊल टाकण्यापूर्वी तशाच उताराच्या सुरक्षित जागी खड्डा खणतात. दर १० सेंटीमीटरवर तापमान घेतात. एक अंशाहून अधिक फरक धोक्याची सूचना देतो. मूठ, चार बोटे, एक बोट, पेन्सिल, सुरी यांपैकी थरात काय शिरते, यावरून त्याचा कठीणपणा ठरतो. मग ३० सेंटीमीटर लांबी-रुंदीचा हिमाचा खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि मनगटातून, कोपरातून, खांद्यातून प्रत्येकी १० थापा मारतात. मनगटाच्याच थापांनी खांब ढासळला, तर मागे फिरावे. तो टिकला, तरी गाफील राहू नये. वाऱ्याने शेजारच्या उतारावर कितीतरी अधिक हिम लोटलेले असू शकते.

या विद्येसाठी देशाने १९६९ मध्ये मनालीला स्वतंत्र संस्था उभारली. २०२० पासून तिचे कार्य डीआरडीओच्या चंडीगढ येथील प्रयोगशाळेकडे आहे. तेथून अंदाज दिले जातात. परंतु प्रत्येक उताराचा निर्णय अखेर तुकडीच्या प्रमुखालाच घ्यावा लागतो. गाडल्या गेलेल्या माणसाच्या हाती मोजकीच मिनिटे असतात. बचावपथक पोहोचेपर्यंत ती सरून जातात.

शौर्य म्हणजे केवळ पुढे जाणे नव्हे. खड्ड्याने दिलेली साक्ष मानून तुकडी माघारी वळवणारा नायकही तितकाच शूर असतो. त्याच्या त्या एका निर्णयावर कित्येक घरांतील दिवे तेवत राहतात.