धुराकडून वाफेकडे

बंगळूर शहराच्या उत्तरेस, विमानतळाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, हेब्बाळ नावाचे एक जुने गाव शहरात मिसळून गेले आहे. तेथे मोठे तळे आहे, आणि तेथून नागवाऱ्याच्या दिशेने निघाले की संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती लागतात. त्या कचेऱ्यांत पुणे, नागपूर, कोल्हापूर इकडून गेलेली मराठी मुलेही आढळतात. अशा एखाद्या तरुणाची कल्पना करावी. तो मूळचा निपाणीकडचा; विडीच्या तंबाखूची ती मोठी पेठ, तेव्हा तंबाखू त्याला परकी नाही. दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढणारा हा तरुण एके दिवशी त्या सोडून देतो आणि कोणा मित्राने आणून दिलेला 'व्हेप' तोंडाला लावतो. आता प्रकृती सुधारणार, अशी त्याची साहजिक अपेक्षा असते. घडते ते निराळेच. चार-सहा दिवसांत त्याचा घसा कोरडा पडतो, खोकल्याची ढास लागते, तोंड येते, डोके जड होते, छाती धडधडते आणि रात्री झोप लागत नाही. 'याहून सिगारेट बरी होती' असे म्हणून तो पुन्हा कोपऱ्यावरच्या टपरीकडे वळतो.

त्याच्या या निष्कर्षातच सगळी गफलत आहे. तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या एका घरच्या नाहीत. काही धूर थांबल्यामुळे उद्भवतात, काही नव्या वाफेमुळे, तर काही निकोटीनचे माप चुकल्यामुळे. आणि त्या सर्व एकाच आठवड्यात येऊन थडकतात.

व्हेप किंवा ई-सिगारेट हे उपकरण आज ज्या रूपात दिसते ते २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने घडविले. त्यात काहीही जळत नाही. विजेच्या घटावर एक बारीक तार तापते आणि तिच्याभोवतीच्या द्रवाचे सूक्ष्म तुषार होतात. या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची द्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. ज्वलन नाही म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही नाही. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसलेला हा विषारी वायू धूर थांबताच एक-दोन दिवसांत निघून जातो. हा लाभ मोठा आहे, परंतु त्याची जाणीव होत नाही. जाणवतो तो घसा.

घसा कोरडा पडतो याला मुख्यत्वे प्रॉपिलीन ग्लायकॉल कारण. हे द्रव्य पाणी शोषून घेते. तोंडातला नि घशातला ओलावा ते ओढून घेते आणि सारखी तहान लागते. हा सरळ वाफेचा परिणाम होय. उलट, तोंड येते त्याचा दोष वाफेवर टाकण्यापूर्वी विचार करावा, कारण कसलेही उपकरण न वापरता नुसती सिगारेट सोडणाऱ्या पुष्कळांना पहिल्या दोन आठवड्यांत तोंडात फोड येतात. हिरड्यांचेही तसेच. धूम्रपानाने हिरड्यांतून रक्त येणे दबून राहते, आणि ते सुटल्यावर दात घासताना रक्त दिसू लागते. माणूस घाबरतो, वास्तविक दुखणे जुनेच असते, आता ते उघडे पडते एवढेच. बद्धकोष्ठही सिगारेट सोडणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. खोकल्याचा निवाडा मात्र कठीण. श्वासनलिकेतील केसासारखे सूक्ष्म तंतू कफ वर लोटण्याचे काम करतात. धुराने ते लुळे पडलेले असतात. पुन्हा हलू लागले की साचलेला कफ बाहेर येऊ लागतो. पण वाफही श्वासनलिकेला चरचरवते आणि तिनेही खोकला येतो. बाहेरून ऐकणाऱ्याला दोहोंतला फरक कळणे अवघड.

सर्वांत मौजेची गोष्ट कॉफीची, आणि बंगळुरात तिच्यावाचून पुढे जाता यायचे नाही. तंबाखूच्या धुरातील काही द्रव्ये यकृतातील एका पाचकद्रव्याला चेतवतात, आणि ते कॉफीतल्या कॅफीनचा भराभर निकाल लावते. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याला चार पेले कॉफी सहज पचते. हे काम धुराचे आहे, निकोटीनचे नव्हे. तेव्हा वाफेतून निकोटीन मिळत राहिले तरी यकृताचा हा वेग आठवड्याभरात उतरतो. कॉफीचे पेले तेवढेच राहतात, पण रक्तातले कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. मग छाती धडधडते, हात थरथरतो, झोप उडते, आणि खापर व्हेपवर फुटते. कॉफी निम्म्यावर आणून पाहण्याचे मात्र कोणाला सुचत नाही. या गोष्टीची गंभीर बाजूही आहे. दम्यावरचे थिओफिलिन, मनोविकारांवरचे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधेही त्याच वाटेने शरीराबाहेर पडतात. ती घेणाऱ्याने सिगारेट सोडल्यास तोच डोस जास्त होऊन बाधू शकतो. म्हणून डॉक्टरांना ही गोष्ट सांगितलीच पाहिजे.

राहता राहिले निकोटीन. सिगारेटला शेवट असतो. ती जळून संपते आणि ओढणाऱ्याच्या हातून आपोआप माप राखले जाते. व्हेपला असा शेवट नाही. तो टेबलावर पडलेला असतो आणि काम करता करता हात तिकडे जातो. त्यातच निकोटीनच्या क्षाराचे नवे द्रव घशाला इतके मऊ लागतात की जास्त घेतले हे कळतच नाही. मळमळ, तोंडाला पाणी सुटणे, घेरी, थंड घाम, डोकेदुखी ही अतिरेकाची लक्षणे. उलट फार कमी मिळाले तर चिडचिड, अस्वस्थता आणि पुन्हा डोकेदुखीच!

युरोपात अशा द्रवात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन ठेवता येत नाही. भारतात असे माप ठरविण्याचा प्रश्नच उरला नाही. कर्नाटकाने २०१६ मध्ये ई-सिगारेटवर बंदी घातली. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षअखेर कायदा झाला. त्यान्वये ही वस्तू बनविणे, आयात करणे, विकणे, साठविणे, तिची जाहिरात करणे हे गुन्हे आहेत. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तेव्हा हेब्बाळच्या त्या तरुणाच्या हातात जे उपकरण पडते ते चोरट्या बाजारातले असते. त्यात काय आणि किती आहे याचा भरवसा कोणी देत नाही.

चोरट्या मालाचे भय पोकळ नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या दाहाची साथच उसळली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रोगी रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. बहुतांशी दोष निघाला तो गांजाच्या अर्काच्या बेकायदा द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन-ई ॲसिटेटचा. घसा कोरडा पडणे वेगळे आणि धाप लागणे, छातीत दुखणे, ताप येणे वेगळे. ही लक्षणे दिसताच 'सवय होईल' म्हणत बसू नये, दवाखाना गाठावा.

मग हा बदल व्यर्थ का? इंग्लंडमध्ये ८८६ माणसांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर सिगारेटपासून दूर राहिलेले, ई-सिगारेटच्या गटात शंभरात १८, आणि निकोटीनचे च्युइंगम, पट्ट्या इत्यादी घेणाऱ्यांत सुमारे १०. तोंड-घशाच्या चरचरीची तक्रार पहिल्या गटात ६५ टक्क्यांनी केली, दुसऱ्यात ५१ टक्क्यांनी; मळमळ मात्र दुसऱ्यात अधिक. खोकला आणि कफ पहिल्या गटात जास्त उतरले. पण त्याच अहवालातला आणखी एक आकडा विसरता येत नाही. पहिल्या गटातील ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांतले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते. दुसऱ्या गटात आपले साधन धरून राहिलेले अवघे ९ टक्के. शिवाय ती सारी माणसे मापाचा, तपासलेला माल वापरीत होती आणि त्यांना समुपदेशकांचे साहाय्य होते.

आणि वाफ घेत घेत दोन-तीन सिगारेटीही चालू ठेवणारे पुष्कळ असतात. त्यांना वाटते, निम्मे तरी वाचलो. हृदयाचा हिशेब असा चालत नाही: दिवसाला वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जो जादा धोका संभवतो, त्याच्या जवळपास निम्मा एकट्या एका सिगारेटीने पदरात पडतो.

भारतात कायद्याने मोकळी असलेली वाट निकोटीनच्या च्युइंगमची, पट्ट्यांची आणि सल्ल्याची. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती रोग संस्थेत २०१६ मध्ये सुरू झाला. नंतर मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बंगळूरचे निम्हान्स यांकडेही हे काम आले. हाच क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावर छापला जाऊ लागला. व्हेप ओढणाऱ्याने ते पाकीट टाकून दिलेले असते, आणि त्याच्या नव्या यंत्रावर असला क्रमांक कोणी छापीत नाही.