प्रमाणपत्र आणि पाना



बँकेत ३५ वर्षं काढली. ऑडिटर येणार म्हटलं की रजिस्टरं चकाचक. तो गेला की पहिले पाढे पंचावन्न. रुग्णालयांच्या एनएबीएच मानांकनाचं तसं होऊ नये.

एप्रिल २०२१. नाशिकला ऑक्सिजनची टाकी गळली, दोन दिवसांनी विरारला आयसीयूत आग लागली. रुग्ण दगावले. त्याच महिन्यात मी धाकट्या भावाजवळ एका रुग्णालयात होतो. भिंतीवर प्रमाणपत्र होतं. पण सिलिंडर बदलायचा पाना कुठे आहे, हे रात्री दोनला कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ वाचला, नशिबानं.

आपल्याही जिन्यात आग विझवायचे लाल सिलिंडर टांगलेत. वापरता किती जणांना येतात? मलाही येत नाही. दर तीन महिन्यांनी सराव करूया.