संकलनाची कात्री

गावातला होतकरू मुलगा मोबाइलवर चित्रण करतो आणि गुरुजींना विचारतो, "संकलनाला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" गुरुजी, त्याला आधी एवढंच सांगा : बाबा रे, यासाठी घरची शेळी विकायला लावू नकोस. ‘शॉटकट’ आणि ‘केडेनलाइव्ह’ फुकट मिळतात. ‘डाविंची रिझॉल्व्ह’चीही फुकट आवृत्ती आहे, रंगकामाला ती उत्तम, पण तिला दमदार संगणक लागतो. तेव्हा आपला संगणक पाहूनच निवड करावी.

आणि नव्याचा सोस कशाला? २०२० साली ऑस्कर मिळवणाऱ्या कोरियन ‘पॅरासाइट’चे संकलन ‘फायनल कट प्रो ७’वर झाले. ते सॉफ्टवेअर २०११ सालीच बंद झाले होते! कात्री जुनी चालते. कुठे कापायचे, ते मात्र शिकावेच लागते.