लिंबूटिंबूचा डाव

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी संमेलनात केलेले भाषण)



विषय तुमचा तुम्हीच निवडा, असे संयोजकांनी कळवले आणि त्या औदार्याचा मी थोडा गैरफायदा घेतला आहे. मी आज व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे. ज्या शाळेत पत्त्यांचा जोड सापडला म्हणून आमच्यापैकी चौघांना तासभर ओणवे उभे राहावे लागले होते, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून! काही पालकांच्या कपाळावरच्या आठ्या मला इथून दिसत आहेत. त्यांच्याकडेही मी येईन. पण सुरुवात या समोरच्या पटांगणापासून करते.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायात कॅलिपर. खेळाच्या तासाला तो त्या कडुनिंबाखाली बसून आमची दप्तरे सांभाळायचा. पुढे कबड्डीचे गुण लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. कधी लपाछपीत आम्ही त्याला घ्यायचो, पण लिंबूटिंबू म्हणून. लिंबूटिंबूला खेळता येते, मात्र तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. लहान भावंडांसाठी केलेली ही सवलत मोठी प्रेमळ आहे. भावंड मोठे होते आणि सवलत आपोआप संपते. आमच्या मित्राची मात्र ती दहावीपर्यंत संपली नाही. त्याच्याशी कुणी वाईट वागले, असे मुळीच नाही. शिक्षक आणि आम्ही सारे त्याच्याशी अतिशय चांगले वागत होतो. त्यामुळेच त्यात काही चुकते आहे, हे कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्या लक्षात यायला तीस वर्षे गेली, आणि तेही काशीला गेल्यावर.

लग्नानंतर मी वाराणसीकर झाले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागात पेशवाईपासून मराठी घरे आहेत. तिथल्या एका गल्लीत आमचे बिऱ्हाड आहे. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचे. घाटाकडे उतरायला पायऱ्या, घरात शिरायला पायऱ्या, घरातही पायऱ्याच. शेजारच्या वाड्यात बारा वर्षांचा एक मुलगा राहतो. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, त्याने हातपाय ताठरलेले. बुद्धी तल्लख, बोलणे अडखळत, सवय झालेल्यालाच कळेल असे. चाकांची खुर्ची त्याला मिळाली आहे, पण ती गल्लीच्या वळणावर अडते. त्यामुळे गल्लीतले क्रिकेट, घाटावरचे पतंग, नागनथैयाची गर्दी, हे सारे त्याने खिडकीतून पाहिलेले.

त्याच्या धाकट्या बहिणीसाठी घरात संगणक आला, गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आला आणि हातात धरायचे दोन कंट्रोलर आले. पायऱ्या नसलेले मैदान प्रथमच त्या घरात आले होते. तिथेही आम्ही काय केले? एक कंट्रोलर बहिणीच्या हातात, आणि दुसरा, ज्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती, त्याच्या मांडीवर. पडद्यावर गाडी वळली की आम्ही म्हणायचो, “वा! किती छान चालवतोस!” हा अपराध मी स्वतः अनेकदा केला आहे. एके दिवशी त्याने कंट्रोलर मुद्दाम खाली सोडला. गाडी पळतच राहिली. त्याने जमिनीवरच्या वायरीच्या मोकळ्या टोकाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि दोनच शब्द म्हणाला, “काकू, वायर.”

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्या दोन शब्दांची लाज मला बरेच दिवस पुरली.

आता हा कंट्रोलर म्हणजे काय, ते ज्यांनी हाती धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन अंगठ्यांखाली दोन दांडे, डावीकडे चार दिशांची कळ, उजवीकडे चार बटणे, आणि वरच्या कडेला तर्जनीसाठी आणखी चार. म्हणजे दोन हात, दोन्ही अंगठे, दोन्ही तर्जन्या, आणि त्या सर्वांची एकाच क्षणी चालणारी स्वतंत्र हालचाल, एवढे ही वस्तू गृहीत धरते. त्यातले एक जरी कमी असले तरी खेळाडू बाहेर. पण पटावरच्या गाडीला अंगठ्यांची गरज नसते. तिला फक्त विद्युतमंडल जुळल्याचा इशारा हवा असतो. तो इशारा गुडघ्याने दिला, गालाने दिला की फुंकरीने दिला, याच्याशी तिला काही कर्तव्य नाही.

हे जगाला अगदी उशिरा सुचले, असेही नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ मध्ये छातीवर बांधायचा एक कंट्रोलर काढला होता. हनुवटीने दांडा हलवायचा, आणि नळीत फुंकून किंवा नळीतून हवा ओढून बटणांचे काम करायचे. पण तो दुकानात मांडलेला नसे, कंपनीकडून मागवावा लागे. त्यानंतरची कितीतरी वर्षे हे काम हौशी तंत्रज्ञांनी आणि सेवाभावी संस्थांनी एकेका माणसासाठी, हातावर बेतून केले. अमेरिकेत एबलगेमर्स २००४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये स्पेशलइफेक्ट २००७ मध्ये सुरू झाली. जखमी सैनिकांसाठी असे कंट्रोलर बनवणाऱ्या एका गटाचे छायाचित्र मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याच्या नजरेस पडले, आणि पुढे २०१८ मध्ये ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ बाजारात आला. पांढरी सपाट पेटी, वर तळहाताएवढी दोन काळी बटणे आणि मागच्या कडेला ओळीने एकोणीस खाचा. मला सर्वांत आवडतात त्या या खाचा. त्या नेहमीच्या साडेतीन मिलिमीटरच्या, जुन्या हेडफोनच्या पिनेला बसणाऱ्या. म्हणजे कंपनीने स्वतःचे वेगळे टोक शोधून गिऱ्हाईक बांधून ठेवले नाही. अपंगांसाठी आधीपासून बनत आलेले कोणतेही बटण त्यात खोचता येते. एक खाच म्हणजे मूळ कंट्रोलरवरचे एक बटण. ते बटण शरीराजवळ कुठे ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. त्याचे खोकेसुद्धा फाडताना दात लावावे लागू नयेत, अशा बेताने केलेले आहे. सोनीचा ‘अॅक्सेस’ कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये आला.

अडचण किमतीची. ती पेटी निघाली तेव्हाच शंभर डॉलरची होती, आणि लागणारी बटणे वेगळी विकत घ्यायची. आमच्या गल्लीतल्या घराला ते पेलणारे नव्हते. मग मी ठरवले, पेटी करून पाहू. सूक्ष्मनियंत्रकाची एक छोटी पट्टी मिळते. संगणकाला ती कळफलकासारखी वाटते. तिला खाचा जोडल्या, आज्ञावली लिहिली. दोन आठवड्यांत पेटी तयार झाली, आणि ती साफ फसली.

का फसली, ते सांगण्यासारखे आहे. मी मोठे बटण त्याच्या तळहाताखाली दिले होते. पण ताठरलेल्या हाताला बटण दाबण्यापेक्षा सोडणे अवघड असते, हे मला ठाऊक नव्हते. गाडी एकदा डावीकडे वळली की वळतच राही. उत्साह वाढला की हात अधिक ताठ, हात ताठ झाला की गाडी कठड्यावर. बरे, तो खुर्चीत एका बाजूला कलून बसे, त्यामुळे निम्मी शक्ती तोल सांभाळण्यात जाई. काशीच्या दक्षिणेला माधोपूर येथे ‘किरण’ ही संस्था १९९० पासून अपंग मुलांच्या शिक्षणाचे आणि पुनर्वसनाचे काम करते. आधारसाधने बनवणारी कार्यशाळाही तिथे आहे. असे काम करणारे लोक सांगतात ते सूत्र साधे आहे: बटण नंतर, बैठक आधी. कंबर आणि पाठ स्थिर झाल्याखेरीज हातापायांची खरी ताकद कळतच नाही. आम्ही मी केलेली पेटी बाजूला ठेवली आणि महिनाभर फक्त बैठकीवर घालवला. मग नुसते पाहत बसलो, की त्याची कोणती हालचाल दहापैकी नऊ वेळा मनासारखी होते. हात नव्हेच. डावा गुडघा बाहेर ढकलणे आणि डोके उजवीकडे टेकवणे, या त्या दोन.

दोन हालचालींवर शर्यत कशी खेळायची? वेग माझी आज्ञावली आपोआप देते. गुडघ्याने डावे वळण, डोक्याने उजवे, दोन्ही एकदम म्हणजे ब्रेक. अर्ध्या सेकंदाच्या आत चुकून पुन्हा बसलेला धक्का मोजायचा नाही. बटणाच्या टोप्या मात्र मी खोजवाँतल्या खरादीकडून करून घेतल्या. आपल्या सावंतवाडीसारखीच बनारसची लाकडी लाखकामाची खेळणी प्रसिद्ध आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने रंग चढत जातो. कारागिराने विचारले, “किस हाथ के लिए?” मी म्हटले, “घुटने के लिए.” तो क्षणभर थांबला, स्वतःच्या गुडघ्यावर तळवा फिरवून पाहिला, आणि मी काढून नेलेला नकाशा न बघताच उथळ वाटीसारखी टोपी कातून दिली. ती आजही माझ्या नकाशापेक्षा चांगली बसते.

अशी जुळणी केली की खेळ सोपा करून दिला, असे काहींना वाटते. इथे बुद्धिबळाकडे पाहावे. मुंबईचे चारुदत्त जाधव यांची दृष्टी किशोरवयात गेली. त्यांनी अंध बुद्धिबळपटूंची देशव्यापी संघटना उभारली आणि ‘टॉक-६४’ ही बोलणारी बुद्धिबळ संगणक-प्रणाली साकारली. अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक, सोंगटीला खाली खुंटी. सोंगट्या चाचपल्या तरी त्या पडत नाहीत. डोळस प्रतिस्पर्धी आपल्या वेगळ्या पटावर खेळतो आणि चाली तोंडाने सांगितल्या जातात. पट बदलला. घोडा मात्र अडीच घरेच चालतो आणि राजाला शह बसला की बसलाच. तिथे कुणी लिंबूटिंबू नाही.

आता कपाळावरच्या आठ्यांकडे. मुले आधीच पडद्याला चिकटलेली असताना ही बाई आणखी एकाला चिकटवायला निघाली, असे कुणाला वाटत असेल तर ते अगदीच चूक नाही. खेळाच्या अनावर व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत स्थान दिले आहे. पेटी चालू लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्या मुलाच्या आईने त्याला “पुरे झाले आता, अभ्यासाला बस” म्हणून खडसावले. मग ती माझ्याकडे येऊन रडली. बारा वर्षांत त्याला रागावण्याचे असे कारण तिला कधी मिळालेच नव्हते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातले २९ वे कलम फार कमी लोक वाचतात. मनोरंजनात सहभागी होता यावे म्हणून साधने आणि तंत्रज्ञान विकसित करणे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच कायद्याचे १६ वे कलम शाळांची इमारत आणि सोयी सर्वांना पोहोचण्याजोग्या हव्यात, असे सांगते. हे सांगण्याचे कारण निमंत्रणपत्रिकेत आहे. हीरक महोत्सवी निधीतून होणारा नवा संगणक कक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे, असे मी वाचले. आपल्या इमारतीला उद्वाहक नाही. माझी देणगी मी कार्यालयात जमा केली आहे, ती कोणत्याही अटीवर नाही. पण विनंती आहे की हा कक्ष तळमजल्यावर, आताच्या भांडारगृहाच्या जागी करावा. भांडार वर गेले तरी नकाशांना आणि खडूंच्या खोक्यांना त्रास होणार नाही. आमचा तो गुण लिहिणारा मित्र आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. काल मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “गुण लिहायला मला आवडायचे, पण तुम्ही कधी विचारले नाहीत.”

एक पेटी मी बरोबर आणली आहे. भाषणानंतर ती चित्रकलेच्या वर्गात असेल. तो वर्ग तळमजल्यावरच आहे. संध्याकाळी सहा वाजता तो मुलगा काशीहून खेळायला बसणार आहे. त्याची बहीण सांगते की हल्ली तो हरू लागला की वीज गेल्याचे सोंग करतो, अगदी रडीचा डाव. तेव्हा त्याच्याशी खेळताना जपून खेळा, आणि मुद्दाम हरू नका. ते त्याला लगेच कळते.