कळ थांबली, खडा तिथेच होता



संयोजकांनी फोन करून विचारलं, "तू कशावर बोलशील?" त्यांना वाटलं, मी कॉम्प्युटरवर बोलेन. मी म्हटलं, मूतखड्यावर. पलीकडे बराच वेळ शांतता! पण मी ग्रुपवर माझ्या ऑपरेशनचं लिहिलं, तेव्हा "मलाही आहे गं" असं ज्यांनी हळूच कळवलं, ते आज समोरच बसलेत. नावं घेत नाही. आपल्या बॅचच्या डॉक्टरांनी, माझं चुकलं तर तिथूनच टोकावं.

मागच्या वर्षी एका रात्री कुशीतून जांघेपर्यंत अशी कळ आली की मी फरशीवर लोळत होते. सीटी स्कॅनमध्ये ९ मिलिमीटरचा खडा दिसला. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जी नळी येते ना, मूत्रवाहिनी, तिच्या अगदी वरच्या भागात अडकलेला. ही नळी २५-३० सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. माझा पडण्यातला नव्हता. डॉक्टर म्हणाले, लवकर काढू. माझ्या प्रोजेक्टची डेडलाइन होती. गोळ्या घेतल्या. पाचव्या दिवशी कळ थांबली. मी म्हटलं, गेला असणार!

गेला नव्हता. वाट तुंबली की आतला दाब वाढतो आणि कळ येते. काही दिवसांनी मूत्रपिंडच काम कमी करतं, दाब उतरतो आणि दुखणं थांबतं. असं काही आठवडे राहिलं तर मूत्रपिंड कायमचं खराब होऊ शकतं, आणि आपण मात्र बरं वाटतंय म्हणून ऑफिसला जात असतो. मी महिन्याने गेले तेव्हा मूत्रपिंडाला चांगलीच सूज होती.

सवयीप्रमाणे मी विचारलं, "दुर्बिणीच्या ऑपरेशनला यश किती टक्के?" डॉक्टर हसले. म्हणाले, "कुठल्या खड्याला?" खडा मूत्राशयाजवळ असेल तर काम सोपं, कारण दुर्बीण लघवीच्या मार्गाने खालूनच वर जाते. वरचा असेल तर लांब जावं लागतं, शिवाय आत सोडलेल्या पाण्याच्या जोराने खडा उलटा मूत्रपिंडात पळतो. १ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर एका बैठकीत निघेलच असं नाही. कठीण असेल तर लेझरला वेळ लागतो. आणि तो किती दिवस एकाच जागी रुतून बसलाय? नळीचं अस्तर सुजून त्याला धरून ठेवतं, मग नीट दिसतही नाही. यातल्या पहिल्या तीन गोष्टी माझ्या हातात नव्हत्या. चौथी होती.

आणि एक. अडकलेला खडा आणि थंडी वाजून ताप असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. तेव्हा डॉक्टर खड्याला हात लावत नाहीत. आधी तुंबलेली लघवी बाहेर काढतात. तो ताप जिवावर बेततो.

पहिल्या ऑपरेशनमधून शुद्धीवर आले तर कळलं, खडा जागच्या जागी! माझी मूत्रवाहिनी अरुंद, दुर्बीण वर जाईना. नुसता स्टेंट, म्हणजे एक मऊ नळी, आत ठेवून ते थांबले होते. मी जाम चिडले. रजा गेली, पैसे गेले, हे कसलं ऑपरेशन? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "जोर केला असता तर नळी फाटली असती." आमच्याकडे रिलीजच्या रात्री टेस्ट फेल झाली की मीच पोरांना थांबवते, तेव्हा कुणी चिडलं तर मला राग येतो. इथे मात्र मला सरळ फसल्यासारखं वाटलं.

स्टेंटमुळे नळी आपोआप सैल होते. दोन आठवड्यांनी दुर्बीण सहज गेली. एक तुकडा मूत्रपिंडात पळालाच. वाकणाऱ्या दुर्बिणीने मागे जाऊन लेझरने फोडला. पुन्हा स्टेंट. त्या दिवसांत सारखी लघवीला लागते, कुशीत दुखतं, लघवी लालसर होते; हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतेय. स्टेंट काढायची तारीख माझ्या, नवऱ्याच्या आणि मुलीच्या, तिन्ही फोनमध्ये लावली होती. लोक विसरतात, आणि विसरलेल्या स्टेंटवरच खडे जमतात.

आता पाणी. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतकं प्यायचं. बाई, तुम्हाला आठवत असेल, आम्ही मुली शाळेत दिवसभर पाणी प्यायचोच नाही, त्या बाथरूममध्ये जावं लागू नये म्हणून. ती सवय मी नोकरीतही तशीच नेली. आताच्या मुलींसाठी बाथरूम कशी आहेत, ते आज जेवणाआधी बघून येणार आहे.

तीन महिन्यांनी सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडाची सूज उतरलीय, पण तळाशी ३ मिलिमीटरचा एक कण राहिलाय. डॉक्टरांना विचारलं, "मग हे यश धरायचं का?" ते म्हणाले, "दर वर्षी दाखवायला या." तेव्हा तोही आज माझ्याबरोबर मेळाव्याला आलाय.